अठरा तास आणि सत्तर मिनिटं: एका ल्युकेमिया रुग्णाचे दोन ताप

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्याही पुढे, जंगलाच्या कडेला त्याचं गाव. वय १९, वजन ४८ किलो, आयटीआयचं दुसरं वर्ष. घरात आई-वडील, धाकटी बहीण, थोडी भातशेती, दोन म्हशी. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तारखांच्या जागी केमोथेरपीचे दिवस दिले आहेत. बेळगावात त्याच्यावर उपचार करणारी डॉक्टर मी. बाकी घडलं तसंच लिहिते आहे, त्यात आमच्या चुकाही आल्या.

लिहायचं कारण असं, की या मुलाला एकदा लावणीत आणि एकदा गणपतीत ताप आला. दोन्ही वेळा पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या होत्या. आजार तोच, घर तेच, रस्ता तोच. पहिल्या तापात आम्ही त्याला जवळजवळ गमावला होता. दुसऱ्यात तो सहाव्या दिवशी चालत घरी गेला.

निदान आणि सुरुवात

जूनमध्ये त्याला थकवा आणि बारीक ताप सुरू झाला. गावाकडे विडाल टेस्ट झाली, टायफॉइड म्हणून दोन आठवडे गोळ्या झाल्या. आपल्या भागात ल्युकेमियाचे बरेच रुग्ण या वाटेनंच येतात. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर कोणीतरी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेतला आणि लॅबवाल्यानं स्वतः फोन केला. हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट १४,०००, पांढऱ्या पेशी ६८,०००, त्यातल्या बहुतेक ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी. बोन मॅरो (हाडातला मगज) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणं) या तपासण्यांनंतर निदान पक्कं झालं: बी-सेल अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. या आजाराचा वेगळा प्रकार दाखवणारं बीसीआर-एबीएल जनुक नव्हतं, पाठीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या.

यानंतर दोन दिवस घरच्या चर्चेत गेले. चुलता म्हणत होता मुंबईला टाटाला नेऊ. चंदगडचा मामा म्हणत होता कोल्हापूर बरं, तिकडे महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ही योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, तेव्हापासून आमच्या ओपीडीत हा प्रश्न रोज येतो. या घराकडे कर्नाटकाचं बीपीएल कार्ड होतं, म्हणजे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकाखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतची सोय होती. शेवटी वडील म्हणाले, "रात्री काय झालं तर मुंबईहून कोण बघणार? इथंच करू." त्यांचं हे वाक्य आम्ही तेव्हा नीट ऐकलं नाही. रात्री काय झालं तर, हाच खरा प्रश्न होता.

वय १९ असल्यानं कोणता प्रोटोकॉल, म्हणजे औषधांचा ठरलेला आराखडा, द्यायचा यावर विचार करावा लागला. या वयाच्या मुलांना मोठ्यांचा प्रोटोकॉल देण्यापेक्षा लहान मुलांच्या धर्तीवरचा दिलेला चांगला, असं आता बहुतेक ठिकाणी मानतात. अमेरिकेत १६ ते ३९ वयोगटासाठी झालेल्या सीएएलजीबी १०४०३ या अभ्यासात (निष्कर्ष २०१९) तीन वर्षांनंतर ७३ टक्के रुग्ण जिवंत होते. त्याआधीच्या पद्धतीत हा आकडा ५८ टक्क्यांच्या आसपास होता. पण औषधं जास्त, म्हणून काउंट (रक्तपेशींची संख्या) खाली राहण्याचे दिवसही जास्त. परदेशातला प्रोटोकॉल आपण कागदावरून उतरवून घेतो. त्याच्याबरोबर तिथला आयसोलेशनचा वॉर्ड, पंधरा मिनिटांत येणारी गाडी आणि घरातला थर्मामीटर येत नाहीत.

इंडक्शन, म्हणजे केमोचा पहिला टप्पा, सुरू झालं: आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन, डॉनोरुबिसिन, अ‍ॅस्पॅराजिनेज, रोजचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि पाठीत मेथोट्रेक्सेट. या मेथोट्रेक्सेटचं मूळ भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आहे. त्यांच्या चमूनं बनवलेलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा काही काळापुरता का होईना, आजार मागे हटलेला जगानं पाहिला. त्या वर्षी सुब्बाराव वारले. पाठीत सुई टोचताना हे मी मुलांना सांगते, त्यांचं लक्षही दुसरीकडे जातं.

बाराव्या दिवशी तो बरा दिसत होता. ब्लास्ट नाहीसे झाले होते, खाणं सुरू होतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र १८० होते. बाहेर दोन नवे रुग्ण बेडची वाट बघत होते, आणि घरी लावणी तोंडावर आलेली. वडिलांनी चार दिवसांसाठी घरी सोडता का, असं विचारलं. आम्ही सोडलं. निघताना हातात इंग्रजीतला डिस्चार्ज पेपर दिला, त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की ताप आल्यास तातडीनं यावं. रेसिडेंटनं तोंडी सांगितलं, तेही घाईत. ही पहिली चूक, आणि ती आमची.

पहिला ताप

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याला हुडहुडी भरली. आईनं दोन गोधड्या घातल्या. शेजारच्या घरातून थर्मामीटर आणला, १०१.२ आला. घरात पॅरासिटामॉल होतं, ते दिलं. तासाभरात घाम येऊन ताप उतरला, मुलगा पेज प्यायला आणि झोपला. "ताप उतरला की ओ मॅडम, म्हणून म्हटलं सकाळी जाऊ. पाऊस तर काय उघडतच नव्हता," असं आई नंतर मला म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ताप उतरला म्हणजे बरं वाटलं, हे आपण सगळे लहानपणापासून शिकलेलो असतो.

रात्री दोनला पुन्हा थंडी, पुन्हा गोळी. पहाटे सहाला गावाजवळच्या एका डॉक्टरला बोलावलं. त्यानं तापाचं इंजेक्शन कमरेत दिलं. त्याला केमोचं सांगितलं होतं की नाही, यावर घरात एकमत नाही. प्लेटलेट त्या वेळी १२,००० असणार. अशा वेळी स्नायूत सुई घालायची नसते, कारण आतल्या आत रक्त साकळत राहतं. सकाळी नऊला पिकअप मिळाली. ओढ्यावरच्या फरशीपुलावर पाणी होतं म्हणून दीड तास थांबावं लागलं. आमच्या कॅज्युअल्टीत तो दुपारी एकला पोचला. पहिल्या हुडहुडीपासून १८ तास झाले होते.

रक्तदाब ७४/४०, नाडी १४८, हातपाय गार. न्यूट्रोफिल ६०. उजव्या कुल्ल्यावर तळहाताएवढा निळा-काळा उंचवटा. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ, लघवी स्वच्छ, घशात काही नाही.

इथे जरा थांबून हे सांगायला हवं, की असा रुग्ण एवढा फसवा का असतो. पू हा मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो. न्यूट्रोफिलच नसतील तर गळू धरत नाही, न्यूमोनियाचा डाग एक्स-रेवर उमटत नाही, लघवीत पू-पेशी दिसत नाहीत. त्यात प्रेडनिसोलोन चालू असेल तर पोटातलं दुखणंही झाकलं जातं. उरतो तो ताप, आणि स्टेरॉइडमुळे कधी कधी तोही उरत नाही. १९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅक्यूट ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचे काउंट आणि संसर्ग शेजारी शेजारी मांडून दाखवलं, की न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेले की धोका चढायला लागतो, १०० च्या खाली तो सगळ्यात जास्त असतो, आणि काउंट किती दिवस तळाला राहतो यावर पुढचं ठरतं. त्या काळात डॉक्टर कल्चरच्या (रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट बघत आणि रिपोर्ट यायच्या आत रुग्ण जात, विशेषतः स्यूडोमोनास या जंतूच्या संसर्गात. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप दिसताच, जंतू कळायच्या आधीच, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करायची पद्धत मांडली. आज आपण जे करतो त्याची मुळं तिथे आहेत. औषधांची नावं तेवढी बदलली.

आमच्याकडे पोचल्यापासून ३५ मिनिटांत ब्लड कल्चर घेऊन मेरोपेनेम हे अँटिबायोटिक गेलं, शॉक होता म्हणून जोडीला पॉलिमिक्सिन बी. सलाइन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, प्लेटलेट, आयसीयू. रात्री उशिरा कल्चरच्या बाटलीनं सिग्नल दिला: ग्रॅम-निगेटिव्ह जंतू. दुसऱ्या दिवशी दुपारी पीसीआरवर जनुक कळलं, एनडीएम. जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिए.

एनडीएम म्हणजे काय, हे मी घरच्यांना कुलपाच्या भाषेत समजावलं. मेरोपेनेमसारखी औषधं मोडून टाकणारं हे एन्झाइम. २००९ मध्ये ते पहिल्यांदा शास्त्रीय नियतकालिकात आलं, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूत सापडलं म्हणून त्याच्या नावात नवी दिल्ली. हे एन्झाइम अ‍ॅझट्रिओनामला मोडू शकत नाही. पण त्याच जंतूकडे इतरही एन्झाइम असतात आणि ती अ‍ॅझट्रिओनाम मोडतात. अ‍ॅव्हिबॅक्टॅम त्या इतरांना अडवतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टॅम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही जोडी एकत्र द्यायची: एकानं दार धरून ठेवायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं. इटली आणि ग्रीसमधल्या १०२ रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात, अशा जंतूंच्या रक्तसंसर्गात ही जोडी मिळालेल्यांपैकी ३० दिवसांत १९ टक्के दगावले, इतर औषधं मिळालेल्यांपैकी ४४ टक्के. हा अभ्यास निरीक्षणाचा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून आकडे थोडे सबुरीनं घ्यावेत. तरीही त्या संध्याकाळी माझ्यासमोर याहून चांगलं काही नव्हतं.

औषध महाग होतं आणि योजनेच्या पॅकेजमध्ये पुरतं बसत नव्हतं. दोन दिवसांचं औषध वडिलांनी एक म्हैस विकून आणलं. बाकीचं सोशल वर्करनं दोन ट्रस्टच्या दारात उभं राहून जमवलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण संशोधनाच्या लेखांत ही म्हैस कुठेच दिसत नाही.

चौथ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बंद झालं. नवव्या दिवशी तो आयसीयूतून बाहेर आला.

एक गोष्ट मला अजून सलते. हा जंतू बहुधा त्याच्या स्वतःच्या आतड्यात होता. दाखल झाला तेव्हा गुदद्वाराजवळचा साधा स्वॅब घेतला असता, तर असा जंतू वस्तीला आहे हे आधीच कळलं असतं आणि पहिल्याच डोसला योग्य जोडी गेली असती. आम्ही तो घेत नव्हतो. आता प्रत्येक ल्युकेमिया रुग्णाचा घेतो. आधीच प्रतिबंधक लिव्होफ्लॉक्सॅसिन का दिलं नाही, असंही एका सहकाऱ्यानं विचारलं. २०१८ मध्ये अ‍ॅक्यूट ल्युकेमियाच्या मुलांवरच्या अभ्यासात लिव्होफ्लॉक्सॅसिननं रक्तातले संसर्ग ४३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलेले दिसले, हे खरं आहे. पण आपल्याकडच्या आतड्यातले जंतू या औषधाला मोठ्या प्रमाणात सरावलेले आहेत, आणि क्षयरोग लपून बसलेला असेल तर हे औषध त्याला अर्धवट दाबून निदान लांबवतं. आपल्या भागात मी ते सरसकट देणार नाही. यावर मतभेद असू शकतात.

बुरशी

चोविसाव्या दिवशी ताप परत आला. कल्चर स्वच्छ, न्यूट्रोफिल अजून ९०. चार दिवस योग्य अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटेना, तेव्हा छातीचा सीटी केला. दोन्ही फुप्फुसांत गाठी, भोवती धुरकट कडं. रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीची खूण, पॉझिटिव्ह. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा संसर्ग असण्याची दाट शक्यता.

"बुरशी" हा शब्द काढताच वडिलांचा चेहरा उतरला. २०२१ मध्ये त्यांच्या नात्यातल्या एकाचा डोळा काळ्या बुरशीत काढावा लागला होता. ती बुरशी वेगळी, म्युकर जातीची, ही वेगळी, हे समजावण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास वाया गेला असं मला वाटत नाही, कारण पुढचे सहा आठवडे उपचार टिकले ते त्या बोलण्यामुळे.

औषध निवडणं सोपं नव्हतं. अ‍ॅस्परजिलसवर पहिली पसंती व्होरिकोनॅझोलला. २००२ च्या मोठ्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोल घेतलेल्यांपैकी ७१ टक्के जिवंत होते, जुन्या अ‍ॅम्फोटेरिसिनवरचे ५८ टक्के. पण व्होरिकोनॅझोल यकृतातलं जे एन्झाइम अडवतं, त्याच एन्झाइमनं व्हिन्क्रिस्टीन शरीरातून निचरतं. दोन्ही एकत्र दिली तर व्हिन्क्रिस्टीन साचून राहतं: आतडी थंड पडतात, पाय लुळे पडतात, कधी फिट येते. आमच्या मुलाची १५ व्या आणि २२ व्या दिवसाची व्हिन्क्रिस्टीन आधीच पुढे ढकलली होती. ती अजून लांबवली तर ल्युकेमिया परत डोकं काढणार, आणि दिली तर व्होरिकोनॅझोल नको. शिवाय त्याला चार दिवस शौचाला झालं नव्हतं, पोट फुगलेलं होतं. आधी दिलेल्या व्हिन्क्रिस्टीनचाच हा परिणाम होता.

आम्ही लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन घेतलं, किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज सुमारे १५० मिलिग्रॅम, ५० च्या तीन व्हायल. १० मिलिग्रॅमचा मोठा डोस देऊन फायदा वाढत नाही आणि किडनीचा त्रास मात्र वाढतो, हे २००७ च्या अभ्यासात स्पष्ट झालेलं आहे. आणखी एक जमेची बाजू अशी, की सीटीवरची गाठ चुकून म्युकरची निघाली असती तरी हे औषध तिच्यावरही चालतं. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. रोज पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघत होतो. पोटॅशियम दोनदा २.८ पर्यंत घसरलं, शिरेतून भरून काढलं.

याच दिवसांत कुल्ल्यावरची गाठ पिकू लागली. काउंट वर यायला लागले तसा तिथे पू धरला, कारण आता पू धरायला पेशी आल्या होत्या. सर्जननं छेद देऊन साफ केली. जखम भरायला तीन आठवडे लागले, आणि हे सगळं एका तापाच्या इंजेक्शनपायी.

राहिलेली व्हिन्क्रिस्टीन अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असतानाच दिली. ४३ व्या दिवशी मॅरो केला: रेमिशन, म्हणजे आजार मागे हटलेला. एमआरडी, म्हणजे लपून उरलेल्या कॅन्सरच्या पेशी, ०.०१ टक्क्यांच्या खाली. सीटीवर गाठी आकसत होत्या. त्यानंतर व्हिन्क्रिस्टीन नसलेल्या आठवड्यांत व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या आणि व्हिन्क्रिस्टीनच्या मागेपुढे त्या बंद, असं वेळापत्रक भिंतीवर लावलं. बहिणीनं त्यावर लाल-हिरव्या पेन्सिलीनं खुणा केल्या. आमच्या फाइलपेक्षा तो कागद जास्त बिनचूक होता.

खाण्याबद्दल एक गोष्ट राहिली. आईनं कोणाचं तरी ऐकून फळं, दूध, ताक सगळं बंद करून महिनाभर फक्त पेज आणि उकळलेलं पाणी दिलं होतं. मुलगा ४८ वरून ४३ किलोवर आला. काउंट कमी असताना कडक पथ्यानं संसर्ग कमी होतात, असा पुरावा मिळत नाही. इटलीत चिठ्ठ्या टाकून केलेल्या न्यूट्रोडाएट अभ्यासात (२०२३) मोकळं खाणारे आणि पथ्यवाले यांच्यात संसर्गाचा असा फरक आढळला नाही. हात धुवा, फळ धुऊन सोला, शिळं नको, उघड्यावरचं नको, बाकी सगळं खाऊ दे, असं सांगितलं. "कुंदा चालंल काय?" तिनं विचारलं. खात्रीच्या दुकानातला ताजा कुंदा चालेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डभर कुंदा.

वाटेवरचा डोस

पहिल्या तापाबद्दल आम्ही डिपार्टमेंटमध्ये बसून बोललो तेव्हा चर्चा लगेच साठ मिनिटांवर गेली. ताप असलेला न्यूट्रोपेनिक (न्यूट्रोफिल फार कमी असलेला) रुग्ण दारात आल्यापासून साठ मिनिटांत अँटिबायोटिक, हे मार्गदर्शक तत्त्व. आम्ही ३५ मिनिटांत दिलं होतं. कागदावर आम्ही पास होतो. खरं तर नेमक्या साठ मिनिटांसाठीचा पुरावा तितका पक्का नाही. अभ्यास मागे वळून केलेले, आणि जो जास्त गंभीर दिसतो त्याला औषध लवकर मिळतं, म्हणून आकडे गोंधळतात. साठ की नव्वद, यावर वाद घालता येईल. पण आमचे १८ तास दाराच्या बाहेर गेले होते आणि ते आमच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये मोजले जात नव्हते. घड्याळ कॅज्युअल्टीच्या दारात सुरू न करता हुडहुडीपासून सुरू करायचं, एवढंच आम्ही ठरवलं. बाकी सगळं त्यातून निघालं.

त्याच्या वाटेवर एक सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथले मेडिकल ऑफिसर कलबुर्गीकडचे, त्यांना मराठी फारसं येत नाही. सिस्टर मात्र खानापूरच्याच. त्यांच्याकडे एक पिशवी ठेवली: ब्लड कल्चरच्या बाटल्यांची जोडी, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टॅम ४.५ ग्रॅम, अ‍ॅमिकासिन ७५० मिलिग्रॅम, सलाइन, सेट आणि एक पानाची सूचना. या मुलाच्या आधीच्या क्लेब्सिएलाला ही औषधं पुरी पडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण महागडी जोडी प्रत्येक वाटेवर ठेवता येत नाही, आणि दर वेळी तोच जंतू असेल असंही नाही. वाटेत पहिला डोस, बेळगावात पोचताच पुढचा निर्णय, अशी विभागणी केली.

घरासाठी एक कार्ड बनवलं, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मजकूर आमच्या बैलहोंगलच्या सिस्टरनी तपासला. पहिल्या मसुद्यात "ज्वर जास्त झाल्यास" असं होतं. त्या म्हणाल्या, जास्त म्हणजे किती, हे आई कशी ठरवणार? मग आकडा टाकला: १००.४ किंवा त्याहून वर, नाहीतर थंडी वाजून आली तर आकडा न बघता. पॅरासिटामॉल देण्याआधी फोन. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ नका, आणि हे कार्ड त्या डॉक्टरांनाच दाखवा. खाली १०८ आणि आमचा वॉर्डचा नंबर, जो रात्री उचलला जातो याची खात्री करून. एक डिजिटल थर्मामीटर दिला आणि आईकडून तीनदा लावून घेतला. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, हेही तिथेच दाखवलं.

दुसरा ताप

कन्सॉलिडेशनचा, म्हणजे केमोच्या पुढच्या टप्प्याचा, तिसरा आठवडा, सायटाराबिन या केमोच्या औषधानंतरचे दिवस. न्यूट्रोफिल १४०. घरात गणपती बसलेला आणि मुलाचा हट्ट, गौरी-गणपतीला घरी जायचंच. पिशवी केंद्रात आहे याची फोनवर खात्री केली आणि सोडलं. आरतीच्या गर्दीत जाऊ नको, एवढं बजावलं.

गौरी जेवल्या त्या रात्री ९:४० ला आईनं थर्मामीटर लावला: १००.८. मुलगा म्हणत होता काही नाही, दमलोय. तिनं गोळी दिली नाही. वॉर्डला फोन केला. ड्यूटीवरच्या रेसिडेंटनं कार्डावरचा नंबर वाचून घेतला आणि केंद्रातल्या सिस्टरना उठवलं. शेजाऱ्याच्या कारनं ते निघाले. १०:५० ला कल्चर घेऊन पहिला डोस गेला. सत्तर मिनिटं. डॉक्टरांनी आमच्याशी फोनवर बोलून रक्तदाब सांगितला, १०४/६६, आणि १०८ नं बेळगावला रवाना केलं. रात्री साडेबाराला तो स्वतःच्या पायांनी वॉर्डमध्ये आला. हातात प्रसादाच्या मोदकांचा डबा होता, तो आम्ही सकाळी उघडला.

स्थिर होता म्हणून जोडीचं महाग औषध फक्त तयार ठेवलं, दिलं नाही. हा निर्णय घेताना माझे हात थरथरत होते, कारण जुन्या जंतूचा स्वॅब पॉझिटिव्ह होता. कल्चरमध्ये ई. कोलाय आला, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टॅमला दाद देणारा. यात नशिबाचाही वाटा होता. तोच क्लेब्सिएला असता तर सत्तर मिनिटांतला डोस अपुरा पडला असता आणि निर्णय बेळगावात पोचल्यावर बदलावा लागला असता. पण तेव्हाही रात्रीचा एकच वाजला असता, दुसऱ्या दिवशीची दुपार नव्हे. ४८ तासांत ताप गेला. सहाव्या दिवशी घरी.

पुढचं

आता डिलेड इंटेन्सिफिकेशन, म्हणजे केमोचा आणखी एक जोराचा टप्पा, येतं आहे: पुन्हा व्हिन्क्रिस्टीन, पुन्हा स्टेरॉइड, या वेळी डेक्सामेथासोन, आणि पुन्हा काउंट तळाला. फुप्फुसातल्या जुन्या डागांमुळे बुरशीचं प्रतिबंधक औषध हवं, आणि व्हिन्क्रिस्टीनमुळे अ‍ॅझोल गटातलं, म्हणजे व्होरिकोनॅझोलसारखं, चालणार नाही. आठवड्यातून दोनदा लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन की रोज मायकाफंजिन हे बुरशीवरचं दुसरं औषध, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. मायकाफंजिनला रोज शिरेतून यावं लागेल, अ‍ॅम्फोटेरिसिनला किडनी जपावी लागेल. मी अ‍ॅम्फोटेरिसिनकडे झुकते आहे, कारण दोनदा येणं या घराला जमेल.

मधल्या काळात केंद्रातल्या त्या सिस्टरची बदली झाली. नव्या सिस्टरना पिशवी सापडली, पण कशासाठी ते कळलं नाही, आणि त्यांनी ती कपाटाच्या मागे सरकवली. हे आम्हाला योगायोगानं समजलं, व्हायलची मुदत तपासायला फोन केला तेव्हा. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमचा रेसिडेंट फोन करतो: पिशवी कुठे आहे, मुदत कधीची, रात्री किल्ली कोणाकडे.

परवा आई कागदपत्रं घेऊन आली होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "लावणीच्या आधी आटपंल नव्हं मॅडम?" मी कॅलेंडर काढलं. फेब्रुवारीत सुरू केलं तर एप्रिलच्या मध्यापर्यंत काउंट वर यायला हवेत. या वेळी तळाचे दिवस तो घरी घालवणार नाही, हॉस्पिटलजवळच्या खोलीत राहील, हेही ठरलं. खोलीचं भाडं कोण भरणार, ते अजून ठरलेलं नाही.